चारच्या मोटारीपर्यंत रमी

रमीत सुटायची घाई करणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि नुसती पानं सांभाळत बसणाऱ्यांचा त्याहून जास्त. घरातली पोरं हसतात. म्हणतात, मग खेळायचं तरी कसं? मी म्हणते, समोर कोण बसलंय आणि आपल्याला काय हवंय ते आधी बघा, मग पान उचला. मला हे कळलं ते बऱ्हाणपूरच्या माझ्या माहेरच्या ओसरीवर, एका आखाजीला. समोर माझे सासरे बसले होते. मला ती रमी जिंकायची नव्हती आणि हरायचीही नव्हती. मला ती फक्त संपू द्यायची नव्हती.

नवं राज्य झालं, त्यानंतरची ती पहिली आखाजी. तोपर्यंत आमचे सगळे सरकारी कागद नागपूरहून यायचे. नागपूर आणि वऱ्हाड तिकडं मुंबईला जोडलं गेलं, आम्ही तापीकाठचे लोक होतो तिथंच राहिलो, आणि आमची राजधानी मात्र उठून भोपाळला गेली. माझे वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "आपण जागचे हललो नाही, राज्य हललं." बाजारात आम्ही हिंदी आधीपासूनच बोलत होतो, भाजीवालीशी भांडायला मला कधी अडचण आली नाही. पण आता शाळेतले कागदही हिंदीत येऊ लागले.

लग्नाआधी दीड वर्ष मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. तात्पुरती नेमणूक. लग्न होऊन खकनारला गेले तेव्हा सासरच्यांना वाटलं, नोकरी सुटली. सुटली नव्हती. मी राजीनामा दिलाच नव्हता, वडिलांनी माझी बिनपगारी रजा टाकून ठेवली होती. मग शाळेत चिठ्ठी आली की ज्या तात्पुरत्या बायकांना कायम व्हायचंय त्यांनी हिंदीचा पेपर द्यावा. जी गैरहजर राहील तिचं नाव कटेल. दुसरी संधी नाही. चिठ्ठी वडिलांनी मला पोचवली आणि मी फॉर्म भरला.

सासरी हे कुणाला ठाऊक होतं? फक्त माझ्या नवऱ्याला. आणि ते काय म्हणाले? "तू दे बाई पेपर, पण घरात हा विषय मी काढणार नाही." शाबास! लग्न ठरवायच्या बैठकीतच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की त्यांना नोकरीवाली सून नको, घरात राबणारी हवी. तेव्हा माझे वडील खाली बघत राहिले होते. सगळेच आपापली पानं छातीशी धरून बसलेले. मीसुद्धा. मी ठरवलं होतं की आखाजीला माहेरी जायचं, पेपर द्यायचा, परत यायचं, आणि निकाल लागला तर पुढचं पुढं.

आमच्याकडं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला येतो, मग आठ दिवस माहेरी झोके, आमरस आणि खापरावरचे मांडे. आणि पत्ते. वर्षभर पत्त्यांना हात लावू न देणारे माझे वडील आखाजीला स्वतः कपाटातून दोन कॅट काढून आईपुढं ठेवत. मला रमी आईनं शिकवली. तिचा एकच मंत्र होता: चित्रांची पानं आधी टाकून दे, अंगावर ओझं ठेवू नकोस, समोरचा सुटला तरी आपल्यावर चार-सहा गुणांच्या वर चढता कामा नयेत. आई क्वचित जिंकायची, पण तिला बाद झालेली मी कधी पाहिली नाही.

आठ दिवस राहायचं ठरलं होतं आणि पेपर सहाव्या दिवशी सकाळी आठला. सगळं जमलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दारात कोण उभं? मामंजी. धोतर, टोपी, घामानं भिजलेला सदरा, हातात रिकामी पिशवी.

"सूनबाईले न्यायले आलो," ते पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले. "शेवया वळायले घरात माणूस नाही. कुरडयाही व्हायच्या हायेत. चारच्या मोटारीनं निघतो."

शेवया! माझी नोकरी शेवयांपायी जाणार होती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी दिसू नये म्हणून मी चुलीपुढं जाऊन बसले. मागोमाग वडील आत आले. हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे बेटा. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? नशिबात असेल तर पुन्हा..."

"पुन्हा नाहीये, बाबा. चिठ्ठी तुम्हीच वाचलीत."

भला माणूस, पण मुलीचा बाप झाला की त्या काळी भल्याभल्यांची वाचा बसायची.

आई रसाला आंबे पिळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आखाजीत मांडलेला डाव अर्धा सोडायचा नाही, असं तुझे सासरे म्हणतात ना?"

म्हणत होते खरं. मीच तिला सांगितलं होतं. खकनारला मामंजी म्हणजे पत्त्यांचे पक्के खेळाडू. आखाजीचे तीन दिवस पारावरून उठत नसत. त्यांची ठाम समजूत होती की आखाजीच्या दिवसांत मांडलेला डाव अर्धा सोडून उठलं की त्या वर्षीची कपाशीही अर्धीच हाती येते. एकदा घरी साप निघाल्याचा निरोप आला तरी ते डाव संपवूनच आले होते. साप तोवर निघून गेला होता म्हणा.

"मोटार एकच आहे," आई म्हणाली. "सकाळी येते, चारला परत जाते. आज चुकली तर उद्या चारपर्यंत तुझे सासरे इथंच. आणि पेपर सकाळी आहे."

"आणि डाव आधीच संपला तर?"

"संपू देऊ नकोस. शिकवलंय ना मी तुला?"

पंगत उठली, पानसुपारी झाली आणि आई पदर सावरत ओसरीच्या दारात उभी राहिली. "व्याहीबुवा, आखाजीचे दिवस आहेत. एक डाव झाल्याशिवाय कसे जाल? हे बसतील, आणि तुमची सूनही खेळते."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. "सून? सासऱ्यासंग?"

"इथं ती माहेरवाशीण आहे. आखाजीत चालतं."

मामंजींचा हात कॅटकडं गेलासुद्धा होता. "एकशे एकाची?" त्यांनी विचारलं.

एकशे एकाची रमी म्हणजे अशी: दुसऱ्यानं डाव लावला की आपल्या हातातल्या न जुळलेल्या पानांचे गुण आपल्यावर चढतात. राजा, राणी, गुलाम, एक्का यांचे दहा-दहा, बाकीच्यांचे जेवढ्यास तेवढे. डाव खेळायचा नसेल तर केव्हाही पानं मिटून ठेवायची, त्याचे दहा चढतात. एकशे एक भरले तो बाद, आणि शेवटी एकटा उरला की खेळ संपला. सांभाळून खेळणाऱ्याला हा खेळ दिवसभर पुरतो. धडाकेबाज माणसाला तासही पुरत नाही.

मामंजी धडाकेबाज. चित्रं सोडायचे म्हणून नाहीत. राजे-राण्या गोळा करत बसायचे, आणि जमलं की सातव्या-आठव्या पानाला फटकन डाव लावायचे. नाही जमलं तर एका डावात पन्नास-साठ अंगावर घ्यायचे आणि मोठ्यानं हसायचे. पान टाकताना असं आपटायचे की सतरंजीखालची धूळ उडावी. वडिलांना खेळताच येत नव्हतं. ते हातातली पानं पंख्यासारखी पसरून नुसते घाबरून बसले होते.

पहिले तीन डाव माझ्या मनासारखे झाले. मी आईचा मंत्र धरला, पण थोडा वाकवून. चित्रं टाकायचीच, फक्त मामंजींना हवी असतील ती सोडून. त्यांनी माझ्यासमोर बदामचा राजा उचलला की माझ्या हातातला इस्पिकचा राजा मी घट्ट धरून बसायची. त्याचे दहा गुण अंगावर चढले तर चढोत, पण ते चटकन सुटता कामा नयेत. गड्डी संपायची, टाकलेली पानं पिसून पुन्हा ठेवायची, डाव लांबायचा. तिसऱ्या डावाअखेर वडील एकशे एकाच्या पार जाऊन बाद झाले आणि सुटकेचा श्वास टाकून पाटीवर गुण लिहायला बसले. मामंजी अठ्ठेचाळीस, मी पस्तीस. वडिलांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. एक वाजला होता.

तीन तास काढायचे होते आणि आता आम्ही दोघंच उरलो होतो.

चौथा डाव मामंजींनीच वाटला. मी पानं उचलली. एरवी असं काही आलं असतं तर मी आनंदानं ओरडले असते. दुर्र्या तीन. बदामची चौकी, पंजी, छक्की. किलवरची पंजी, छक्की, सत्ती. इस्पिकची नव्वी आणि गुलाम, मधली दश्शी तेवढी नाही. दुसऱ्याच फेरीला मामंजींनी किलवरची अठ्ठी टाकली आणि माझा हात सवयीनं पुढं गेला. उचलली. मूर्खपणा केला, कारण ती त्यांच्या डोळ्यांदेखत उचलली. चौथ्या फेरीला गड्डीतून पान ओढलं. इस्पिकची दश्शी.

डाव लागला होता. एक फालतू पान टाकून पानं उलटी मांडायची, एवढंच काम. पण मी मामंजींकडं पाहिलं. मी आधी टाकलेला राजा त्यांनी झटकन उचलला होता, मिशीला हात लावून ते पुढच्या राणीची वाट बघत होते. क्रमाची पानं त्यांना अजून लागलेली दिसत नव्हती, आणि ती नसली की आमच्याकडं सगळ्या हाताचे गुण चढायचे. मी डाव मांडला असता तर साठ-सत्तर गुण एकदम त्यांच्यावर, अठ्ठेचाळीस आणि साठ, म्हणजे बाद. सव्वा वाजता खेळ खलास. मग ते उठले असते, टोपी घातली असती, आणि चारच्या मोटारीत मी त्यांच्या शेजारी.

मी जुळलेला डाव मोडला. आयुष्यात एकदाच मोडला आहे. आठवलं की अजून हात आखडतो. किलवरची सत्ती काढली आणि खाली टाकली.

मामंजींनी पान उचलायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. त्यांनी सत्तीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग आपली सगळी पानं एकत्र केली आणि पालथी ठेवली.

"मिटलो. दहा लिवा माझ्यावर."

"अहो, हात चांगला असेल तुमचा," वडील म्हणाले.

"दहा लिवा म्हणलं ना मास्तर."

अठ्ठावन्न. मी पानं वाटली. त्यांनी उचलली, पाहिलीही नाहीत धड. "मिटलो." अडुसष्ट. त्यांनी वाटली, मी उचलली, लावते न लावते तोच, "मिटलो." अठ्ठ्याहत्तर.

मला काही कळेना. आजारी आहेत का? ऊन लागलं का? धडाकेबाज माणूस, एक डाव कधी मिटत नाही, आणि आता दर डावाला पानं मिटत होता. चेहरा बंद दारासारखा. आणि माझी ही दुपार पाटीवर दहा-दहानं संपत चालली होती. सांभाळून खेळायचं तरी कोणाशी? समोरचा खेळतच नव्हता! मी सावकाश पिसू लागले. दोनदा कॅट मुद्दाम हातून सांडला. आईनं आतून पन्हं पाठवलं, ते मी घोट घोट प्यायले. मामंजींनी एका दमात पेला रिकामा केला. "वाट," ते म्हणाले. मी वाटलं. "मिटलो." अठ्ठ्याऐंशी. त्यांनी वाटली, "मिटलो." अठ्ठ्याण्णव.

वडिलांनी पाटी माझ्याकडं वळवली. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू बाद ते होणार होते. आणखी एकदा मिटलं की संपलं. घड्याळात दोनही वाजले नव्हते. दारामागून आईच्या बांगड्या वाजल्या, पण आई तरी काय करणार? तिचं सगळं शहाणपण मी वापरून संपवलं होतं.

पाळी माझी होती, पण मामंजीच कॅट ओढून पिसायला लागले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला नाही, तेवढं धाडस नव्हतं, पण कॅटवर ठेवला. "मामंजी, मिटू नका. खेळा."

"तू खेळशील तं मी खेळीन." त्यांचा आवाज कापत होता. रागानं. "माझी अठ्ठी उचलली तू. मंग सत्ती टाकली. अठ्ठी उचलणारी सत्ती टाकते कधी? तुहा डाव लागला होता, पोरी. लागलेला डाव तू मोडला. कायले? सासऱ्याले जिंकू द्यायले? मी काय भिकारी हाये? पन्नास वर्षं पत्ते खेळू राहिलो, कोणाच्या दयेवर एक डाव घेतला नाही. तुह्या दयेवर जिंकण्यापेक्षा बाद झालेला बरा."

अस्सं! म्हणून दर डावाला मिटत होते! त्यांना वाटलं होतं की सून मान राखून हरते आहे. आणि मी वेडी त्यांना ऊन लागलं म्हणून काळजी करत होते.

त्या क्षणी मला एक सोपी वाट होती. पदर पुढं ओढायचा, चुकून टाकली म्हणायचं, ते खूश झाले असते आणि आणखी तास-दोन तास खेळ ओढता आला असता. तोंडावर आलं होतं ते. पण कंटाळा आला मला. लपवायचा, सांभाळायचा, चार वाजायची वाट बघायचा कंटाळा. मी कॅटवरचा हात काढला.

"दया नव्हती, मामंजी. डाव मांडला असता तर तुम्ही बाद झाला असता, आणि बाद झाला असता तर मला घेऊन मोटारीत बसला असता. मला आज यायचं नाहीये. उद्या सकाळी माझा पेपर आहे. शाळेची नोकरी मी सोडलेली नाही. उद्या बसले नाही तर ती कायमची जाईल."

वडिलांनी खडू पाटीवर ठेवला, तो घरंगळून खाली पडला, आणि तो उचलायला वाकलेले वडील बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"म्हणजे," मामंजी हळूहळू म्हणाले, "तू मले जिंकू देत नव्हती?"

"बिलकूल नाही. तुम्हाला जिंकूही देत नव्हते आणि हरूही देत नव्हते."

त्यांच्या मिशा हलल्या. हसू आलं होतं, पण त्यांनी ते अडवलं. मग तोंड पुन्हा उतरलं. "आन् मले सांगता नाही आलं? दीड वर्ष झालं तुह्या लग्नाले. माह्यासंग सरळ बोलता येत नाही, असा काय वाघ हाये मी?"

हे मला लागलं. तोवर मी माझ्याच रागात होते. समोरच्याला काय वाटेल हा विचारच केला नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं. भीती वाटली."

ते बराच वेळ कॅट या हातातून त्या हातात घेत राहिले. मग एकदम मांडी सावरून बसले. "ठीक. शेवटचा डाव. जिंकली तं पेपर दे. हरली तं आज संग चालायचं."

वडिलांनी मान हलवली, चालेल चालेल अशी. आई दारातून एक पाऊल पुढं आली. त्यांना ही सुटका वाटली. मला नाही वाटली.

"नाही, मामंजी," मी म्हटलं. "पेपर मी पानांवर लावणार नाही. पेपर मी देणार आहे. जिंकले तरी आणि हरले तरी."

"अगं!" वडील म्हणाले.

"मंग खेळायचं कायले?" मामंजींनी विचारलं.

"आखाजीचा डाव अर्धा ठेवायचा नाही म्हणून. वाटा."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. पण मी नजर खाली केली नाही. मग त्यांनी पानं वाटली, एकेक, आपटून आपटून, सतरंजीची धूळ उडवत.

तो डाव मी खेळले. जिंकायलाच खेळले. आईचा मंत्र बाजूला ठेवला, चित्रं धरली, त्यांना लागेल तेही पान बिनधास्त टाकलं आणि मला लागेल ते त्यांच्या नाकासमोरून उचललं. दोघंही घाईनं खेळत होतो. टाक, उचल, टाक. त्यांनी चौकटची राणी टाकली, मी ती उचलून पानं पालथी घातली आणि मांडली. ते पुढं वाकून एकेक पान बोटानं तपासत गेले. हातात त्यांच्या दोन राजे आणि एक एक्का उरले होते.

"हे बरं," ते म्हणाले. "हे खेळली म्हणायचं." मग वडिलांकडं वळून, "मास्तर, आज तुमच्याकडंच मुक्काम. उद्या चारच्या मोटारीनं नेतो इले."

मला रडू आलं, उघड उघड, आणि मी पदर डोळ्यांना लावला. मामंजींनी न पाहिल्यासारखं केलं. पण पन्ह्याचा दुसरा पेला मागून झाल्यावर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेव. घरी तुह्या सासूले तूच सांगायचं. मी सांगणार नाही. तिच्यापुढं माझं काही चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पेपर दिला. जे येत होतं ते आधी लिहून टाकलं, जे येत नव्हतं त्याच्याशी घासाघीस करत बसले नाही. निबंध आला होता, आपल्या गावच्या नदीवर. तापीवर हिंदीत लिहिताना हात अडखळला, पण दोन पानं भरली. चारला आम्ही शनवाऱ्याच्या थांब्यावरून मोटारीत बसलो. खकनार जवळ आलं तसे मामंजी टोपी काढून पुन्हा पुन्हा घालू लागले.

सासूबाई दारातच होत्या. हाताला रव्याचं पीठ. "एक दिवस म्हणून गेले आन् दोन दिवस कायले लागले?"

मामंजी वाकून वहाणा काढू लागले. वहाणा काढायला त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. पारावर फटकन डाव लावणारा तो माणूस आपल्या दारात एक वहाण काढून दुसरीकडं बघत उभा होता. मला त्यांची कीव आली नाही. मला ते त्या क्षणी फार आपले वाटले.

मी पिशवी खाली ठेवली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलले, एका दमात. "आत्याबाई, मी नोकरीच्या परीक्षेला बसले होते. नोकरी मी सोडलेली नव्हती, तुम्हाला सांगितलं नाही ही माझी चूक. पास झाले तर शाळेत जाणार आहे."

त्यांनी माझ्यावरून नजर काढून मामंजींवर लावली. "तुमाले ठाव होतं?"

दुसरी वहाण निघाली. "कालपासून," मामंजी म्हणाले. मग खाकरले आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "मीच थांबलो तिच्यासाठी."

सासूबाई हाताचं पीठ झाडत राहिल्या. मला वाटलं, आता आत घेणार नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "निकाल लागला की मी जाणार, आत्याबाई."

"ऐकलं मी. बहिरी नाही," त्या म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या. "हातपाय धू. रवा भिजून पडला हाये."

त्या संध्याकाळी मी शेवया वळल्या. नंतरचे आठ दिवसही वळल्या. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पावसाळ्यात निकाल आला आणि खकनारच्याच शाळेवर माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी डबा बांधून उंबऱ्यावर ठेवला, माझ्याकडं न बघता. मी तो उचलला आणि निघाले.